मदत हवी आहे: मिठागरातल्या पाण्यातून हॅलोआर्किया (दाट खाऱ्या पाण्यात राहणारे, बॅक्टेरियांहून वेगळे सूक्ष्मजीव) वेगळे करायचे आहेत. लाल वसाहती आल्या, पण पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) लागत नाही

लवणकण

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मदत हवी आहे. नमुना गोव्यातल्या मिठागराचा, मीठ धरतं त्या शेवटच्या वाफ्यातला, एप्रिलमधला. घनता २७ अंश बोमे (खाऱ्या पाण्याच्या घनतेचं माप), पीएच ७.४, पाणी गुलाबी.

केलेली पद्धत: १ मिली नमुना ९ मिली निर्जंतुक सलाईनमध्ये (०.८५%), तिथून पुढे हजारपटीपर्यंत डायल्यूशन (टप्प्याटप्प्याने पातळ करणं). मूळ नमुना आणि प्रत्येक डायल्यूशन ०.१ मिली प्लेटवर पसरवलं. माध्यमात मीठ १५%, पेप्टोन ५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम प्रति लिटर. ३७ अंश सेल्सिअस, ५ दिवस.

निकाल: मूळ नमुन्याच्या प्लेटवर भरपूर मलईरंगी वसाहती आणि तीन प्रकारच्या लाल. दहापट डायल्यूशनपासून पुढे फक्त मलईरंगी. लाल वसाहतीचं ग्राम स्टेन (सूक्ष्मदर्शकासाठी पेशी रंगवणं) केलं तर आकारच दिसत नाही, नुसता गुलाबी चिखल. २७एफ आणि १४९२आर प्रायमर (कोणत्या पट्ट्याची प्रत निघेल ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून तीनपैकी एकाच लाल वसाहतीचा बँड आला, तोही फिकट.

प्रश्न: १) लाल म्हणजे आर्किया धरून चालू का? २) पहिल्याच डायल्यूशनला लाल का गायब होतात? ३) पीसीआरमध्ये काय चुकतंय?

पेट्रीपुराण

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या सलाईनच्या बाटलीत आहे. २७ बोमेचं पाणी म्हणजे जवळपास संपृक्त खारं पाणी. त्याचा एक भाग ०.८५% सलाईनच्या नऊ भागांत गेला की मीठ साडेतीन-चार टक्क्यांवर येतं. हॅलोआर्कियाच्या पेशीला पेप्टिडोग्लायकनची भिंत नसते. बहुतेकांचं बाहेरचं प्रथिनकवच भरपूर मिठाशिवाय टिकत नाही आणि पेशी फुटते. मलईरंगी मंडळी हे सहन करणारे बॅक्टेरिया आहेत, म्हणून तेवढेच उरले. तुमची मोजणी त्यामुळे बाद. पुन्हा करावी लागेल.

खाऱ्या पाण्याचा एकच साठा करून ठेवा, डायल्यूशन आणि माध्यम दोन्हीला तोच वापरायचा. १ लिटरसाठी सोडियम क्लोराइड २४० ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्याचं) ३० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) ३५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ७ ग्रॅम. आधी ८०० मिलीच्या आसपास पाण्यात विरघळवा आणि शेवटी लिटर भरा. एवढं मीठ स्वतःच बरीच जागा घेतं, लिटरभर पाण्यात ओतलंत तर सगळं प्रमाण चुकेल. पीएच ट्रिस बफरने ७.५ वर आणा, मग १ मोलर कॅल्शियम क्लोराइड ५ मिली, ढवळत हळूहळू. घाई केली की गढूळ होतं. हा झाला ३०% साठा.

२३% माध्यमासाठी साठा ७६७ मिली, बाकी पाणी, पेप्टोन ५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १, अगार १५ ग्रॅम. अगार दाट खाऱ्या पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी गोळे राहतात. आधी त्या २३३ मिली पाण्यात उकळून घ्या, मग गरम साठ्यात मिसळा. साठा थंड असेल तर अगार तिथेच थिजेल. पाच दिवस फारच कमी. पहिली नजर दहाव्या दिवशी टाका, प्लेटा आठ आठवडे राहू द्या. चौकोनी पेशींचा हॅलोक्वाड्रॅटम वॉल्सबी १९८० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली सापडला आणि शुद्ध स्वरूपात वाढायला २००४ उजाडलं, यावरून धीर किती लागतो ते समजा.

प्लेटा झिप पिशवीत, सोबत ओला कापूस. नाहीतर पृष्ठभागावर मिठाचे स्फटिक उगवतात आणि लोक तेच वसाहती म्हणून मोजतात.

बुरशीवाली

पेप्टोनचं एक विसरलात. काही पेप्टोनमध्ये पित्ताम्लं असतात आणि ती हॅलोआर्कियाच्या पेशी फोडतात. हे १९८८ मध्ये छापून आलेलं आहे, तरी दरवर्षी कुणीतरी यात अडकतंच. ऑक्सॉइडचं पेप्टोन चालतं. ते नसेल तर पेप्टोन सोडा आणि कॅसअमिनो आम्लं घ्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. सॅलिनिबॅक्टर रुबर हा लाल रंगाचा, मिठागरांतच राहणारा, पण बॅक्टेरिया आहे. स्पेनमधल्या मिठागरांतून तो २००२ मध्ये वर्णिला गेला. तुमचा फिकट बँडवाला तोच असेल असं म्हणत नाही, पण रंगावर विसंबू नका.

झटपट चाचणी: काचपट्टीवर वसाहत घ्या, थेंबभर डिस्टिल्ड पाणी घाला, लूप वर उचला. पेशी फुटून डीएनए बाहेर पडला तर एकतारी पाकासारखी तार निघते. मात्र तार नाही म्हणून आर्किया नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नका. हॅलोकोकसची भिंत जाड असते, तो पाण्यातही फुटत नाही.

ग्राम स्टेनचा चिखलही त्याच कारणाने. स्मिअर डिस्टिल्ड पाण्यात नव्हे, माध्यमाच्याच मिठात करा, हवेत वाळवा, २% ॲसेटिक आम्लात ५ मिनिटं बुडवा, पुन्हा वाळवून मग रंग. आम्ल पेशी पक्क्या करतं आणि मीठही काढतं. आकार बघायचा तर खाऱ्या पाण्यातला वेट माउंट (न वाळवता काचपट्टीवर थेट बघणं) सगळ्यात खरा.

पेट्रीपुराण

मान्य, पेप्टोनचं लिहायला हवं होतं. बॅक्टेरिया दाबायला ॲम्पिसिलिन हे प्रतिजैविक १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली घाला. आर्कियाला त्याने काही होत नाही.

बुरशीवाली

घाला, पण ३७ अंशांवर ते आठ आठवडे टिकत नाही. उशिरा उगवलेल्या मलईरंगी वसाहती त्यातूनच येतात. ताज्या प्लेटवर दोन-तीनदा रेघाटणी करावीच लागते. ॲम्पिसिलिनशिवायचा एक संचही ठेवा, सॅलिनिबॅक्टर त्याला बळी पडतो आणि समुदायाचं चित्र अर्धवट राहतं.

सोळा_एस

लवणकण, टेम्प्लेट (पीसीआरला द्यायचा डीएनए) कसं केलंत?

लवणकण

टूथपिकने वसाहत उचलून थेट पीसीआर मिश्रणात. वसाहत जरा जास्तच घेतली असेल.

सोळा_एस

मग दोन चुका एकावर एक. वसाहतीसोबत गेलेलं मीठ प्रती काढणारं टॅक एन्झाइम अडवतं, आणि २७एफ हा बॅक्टेरियाचा प्रायमर, आर्कियावर नीट बसत नाही. म्हणजे बँड आलेली वसाहत बॅक्टेरिया असण्याची शक्यता जास्त आणि न आलेल्या दोनच तुमच्या कामाच्या. उलटं वाटेल, पण तसंच आहे.

जेमतेम दिसेल एवढी वसाहत ५० मायक्रोलीटर निर्जंतुक पाण्यात सोडा, आर्किया तिथेच फुटतील. ९५ अंशांवर १० मिनिटं, सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी दहापट पातळ करून १ मायक्रोलीटर वापरा. प्रायमर आर्किया २१एफ आणि ९५८आर. पट्टा साधारण ९३० बेसचा. पूर्ण लांबी हवी तर २१एफ आणि १४९२आर. हॅलोबॅक्टेरियम सॅलिनेरमचा डीएनए कंट्रोल म्हणून लावा, नाहीतर बँड न येण्याचा अर्थच लागत नाही.

सिक्वेन्सिंगमध्ये दुहेरी शिखरं (एकाच जागी दोन बेस) दिसली तर लगेच भेसळ म्हणू नका. हॅलोआर्क्युलाच्या एकाच पेशीत १६एसच्या (जाती ओळखायला वाचतात तो जीन) एकमेकींपासून सुमारे ५% वेगळ्या प्रती असतात. अशा वेळी एक तर क्लोनिंग, नाहीतर आरपीओबी जीन. ९८.७ टक्क्यांखाली साम्य आलं तर नवी जाती असू शकते, पण १६एसवर दावा करू नका. जिनोमची एएनआय (दोन जिनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली हवी.

लवणकण

एकदम स्पष्ट झालं, आभारी आहे. लोणारचा नमुनाही मिळण्यासारखा आहे. हेच माध्यम चालेल का?

बुरशीवाली

नाही चालणार. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण हॅलोआर्कियाच सांगितलं होतं, पण ते सोड्याचं सरोवर आहे, पीएच १० च्या आसपास. तुमच्या साठ्यातलं मॅग्नेशियम त्या पीएचला खाली बसेल. मॅग्नेशियम नाममात्र ठेवा, सोडियम कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर मिसळा. शिवाय मिठाचं प्रमाण पावसानुसार बदलतं, म्हणून आधी नमुन्याची क्षारता मोजा आणि माध्यम त्याच्या जवळपास ठेवा.

पेट्रीपुराण

जाता जाता साठवणीचं. ग्लिसरॉल साध्या पाण्यात केलंत तर फ्रीझरमध्ये फुटलेल्या पेशी जपून ठेवाल. २० टक्के ग्लिसरॉल माध्यमाच्याच खाऱ्या पाण्यात करा, उणे ८० अंशांवर. नवी जाती निघालीच तर वैध नावासाठी दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावी लागते. पुण्याचं एनसीएमआर आणि चंडीगडचं एमटीसीसी मिळून एकच देश होतो, हे लक्षात ठेवा. नमुना परदेशी पाठवण्याआधी जैवविविधता कायद्याची कागदपत्रं मार्गदर्शकांकडून तपासून घ्या.