बॅटलटेकचे रोबो स्वस्तात कसे जमवायचे?

रानमांजर:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मित्र, पुण्यात शिकतोय. बॅटलटेक या रोबोंच्या लढाईच्या पटखेळाचे फुकट मिळणारे प्राथमिक नियम वाचून पार झपाटलोय. शंभर टनी अ‍ॅटलस, वीस टनी लोकस्ट, षट्कोनांचा पट, सगळंच भारी. अडलंय फक्त रोबोंपाशी. बाहेरून मागवायचे तर किमतीवर पाठवणावळ आणि कस्टम ड्यूटी चढते. प्रत्येकाच्या खिशातून महिन्याला पाचेकशे निघतील. धातूचे घ्यावेत, प्लास्टिकचे, की थ्रीडी प्रिंट?

षट्कोन:
आधी काहीच विकत घेऊ नका, पुठ्ठ्यावर खेळा. या खेळाच्या १९८५ च्या खोक्यातही पुठ्ठ्याचेच उभे रोबो यायचे, त्यामुळे यात कमीपणा अजिबात नाही.

पटावरच्या तुकड्याकडून तीनच गोष्टी कळायला हव्यात: हा मेक (म्हणजे रोबो) कोणता, कुठल्या षट्कोनात आहे आणि तोंड कुठल्या बाजूला आहे. उंचीचं टेन्शन नको, नियमात प्रत्येक मेक दोन पातळ्या उंच धरलेला असतो. तोंड मात्र स्पष्ट दिसलंच पाहिजे. अ‍ॅटलसच्या एएस७-डी मॉडेलला छातीच्या मध्यभागी ४७ चिलखत, त्याच जागी पाठीला फक्त १४. हलका लोकस्ट एवढ्या धिप्पाडाला भिडतो तो मागे पोचण्याच्या आशेवर. म्हणून बाटलीची झाकणं किंवा बुद्धिबळाची प्यादी नुसती ठेवलीत तर दर फेरीला वाद होणार.

मी करतो ते सांगतो. जाड कार्डशीटवर मेकचं चित्र समोरून आणि पाठीमागून काढायचं, वरच्या कडेला घडी घालायची, आत फेविकॉल. छापील पटाचा षट्कोन साधारण ३२ मिमीचा असतो आणि दहाचं नाणं २७ मिमीचं. पुठ्ठ्यावर नाणं ठेवून पेन्सिल फिरवा, की तळ तयार. तळाची पुढची कड लाल रंगवा. खाली हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी वॉशर चिकटवायला विसरू नका, नाहीतर पंखा लावला की अख्खी फौज आडवी होते.

खेळ अंगात मुरला की चौघांनी वर्गणी काढून 'अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट' हे खोकं घ्या. आठ प्लास्टिकचे मेक, म्हणजे चार-चारच्या दोन लान्स (तुकड्या), शिवाय पट आणि नियम. बिगिनर बॉक्स स्वस्त दिसतो, पण त्यात मेक दोनच, चौघांना पुरणार नाहीत. धातूचे आयर्न विंड मेटल्सवाले अजून ओततात, देखणे असतात, पण वजनामुळे पाठवणावळ जड जाते. जीव जडलेला एखादाच मेक तसा घ्यावा.

रेझिनवाला:
षट्कोनदादांशी सहमत. प्रिंटचं माझ्याकडून: हे मेक साधारण १/२८५ मापाचे असतात. प्लास्टिकची तार वितळवणाऱ्या प्रिंटरवर बंदुकीच्या बारीक नळ्या नीट येत नाहीत, रेझिनवर (प्रकाशाने घट्ट होणारा द्रव) झकास येतात. पण कच्चं रेझिन त्वचेला घातक असतं. हातमोजे, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुणं, यूव्ही दिवा, खेळती हवा, एवढं सगळं लागतं. खोलीत झोपता तिथे हा उद्योग नको. एखाद्या प्रिंटवाल्याकडून करून घ्या, आणि फाइल बनवणाऱ्याची परवानगी आहे ना, ते आधी बघा.

रानमांजर:
षट्कोनदादा, रेझिनवाले, दोघांचेही मनापासून आभार. पुठ्ठ्याचेच करतोय. सुरुवातीला कुठले चार घेऊ?

षट्कोन:
लोकस्ट, शॅडो हॉक, वुल्व्हरिन आणि थंडरबोल्ट. एक पळणारा, दोन ५५ टनी मधले, एक ६५ टनी. चौघंही त्या खोक्यात आहेत, तेव्हा आज भरलेले तक्ते (प्रत्येक मेकच्या चिलखत-शस्त्रांच्या नोंदींचे कागद) पुढेही चालतील. समोरच्या बाजूलाही हेच चार द्या, फक्त तळाचा रंग वेगळा. पहिले काही डाव बरोबरीच्या फौजांनीच खेळा, कोण कुठून मार खातोय ते पटकन उमगतं.