प्रोबेटची सक्ती गेली, मग मृत्युपत्रासाठी वकिलाला पैसे कशाला?

चाळकरी_डोंबिवली
मंडळी, एक वाद घालायचाय. बाबा ८१ चे आहेत, डोकं अजून शाबूत आहे, गिरगावात धाकट्या भावाकडे असतात. म्हणजे खरं तर भाऊ त्यांच्याकडे असतो, पण ते जाऊदे. त्यांना मृत्युपत्र करायचंय, खोली आम्हा दोघा भावांना अर्धी अर्धी आणि एफडी बहिणीला. फोर्टात एका वकिलाकडे गेलो तर त्याने ३० हजार सांगितले, दोन पानी कागदाचे! मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प ड्युटी शून्य, रजिस्टर करणं ऐच्छिक आणि केलंच तर फी १०० रुपये. दोन साक्षीदार हवेत, ते चाळीत ढिगाने आहेत. आणि आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने वारसा कायद्याचं कलम २१३ च काढून टाकलं, म्हणजे मुंबईत जी प्रोबेटची (मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाकडून प्रमाणित करून घ्यायची) सक्ती होती तीही गेली. मग वकील नेमका कशासाठी? माझं मत, ही सगळी भीती विकायची दुकानं आहेत. बोला.

मुलुंडची_माई
१०० टक्के सहमत. आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, सही केली, खालच्या मजल्यावरचे दोघं साक्षीदार. ते गेल्यावर मुलांनी काही वाद घातला नाही, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवलं, झालं. वकिलाचं तोंडही बघितलं नाही.

कोर्टाची_पायरी
माई, वाद झाला नाही म्हणून चाललं हो. वाद नसेल तर मृत्युपत्र नसतं तरी चाललं असतं!

मी वकील नाही पण २२ वर्षं वकिलाच्या ऑफिसात टायपिंग आणि फायलिंग केलंय, हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी डिपार्टमेंटच्या, म्हणजे मृत्युपत्रांच्या विभागाच्या, खिडकीवर अर्धं आयुष्य गेलं. तर ऐका. सक्ती गेली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध करायची गरज गेली असं नाही. आधी काय होतं, मुंबईतल्या मालमत्तेचं हिंदू किंवा पारशी माणसाचं मृत्युपत्र असेल तर त्याच्या जोरावर हक्क सांगायला प्रोबेट लागायचंच, ठाण्यात लागायचं नाही, हा भेदभाव इंग्रजांच्या काळापासूनचा, तो गेला हे चांगलंच झालं. पण उद्या भावाने किंवा बहिणीने 'ही सही बाबांची नाहीच' म्हटलं की निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं की माझ्यासमोर सही झाली. आणि चाळकरी लोक साक्षीदार कोणाला करतात? बाबांच्याच वयाच्या मित्राला! सही करणारा ८१ चा, साक्षीदार ८३ चा. मी अशा फायली बघितल्यात जिथे दोन्ही साक्षीदार वरती आणि वारस खाली भांडतायत.

चाळकरी_डोंबिवली
ठीक आहे, साक्षीदार तरुण घेऊ. आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडू की माणूस शुद्धीत होता. हे तुम्ही मला फुकट सांगितलंत, ३० हजार वाचले. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

बिल्डिंग_नं_७_सेक्रेटरी
सेक्रेटरी म्हणून बोलतो, शिव्या खायची सवय आहे. कलम गेलं हे पेपरात आलं, पण कमिटीत बसणारे आम्ही कोण, एक रिटायर्ड बँकवाले, एक शिक्षिका आणि मी. आमच्यासमोर एक मुलगा मृत्युपत्र घेऊन आला, पंधरा दिवसांनी दुसरा दुसरंच मृत्युपत्र घेऊन आला, नंतरच्या तारखेचं. आम्ही कोणाचं खरं मानायचं? आम्ही सरळ सांगितलं कोर्टातून आणा. लोक म्हणतात सोसायटी छळते, अरे उद्या चुकीच्या माणसाच्या नावावर केलं तर केस आमच्यावर. प्रोबेट आता ऐच्छिक आहे म्हणजे घेता येतंच ना, बंद नाही झालेलं.

नॉमिनी_झिंदाबाद
एवढं कशाला, नॉमिनी टाका विषय संपला. 😄

कोर्टाची_पायरी
नाही संपत. नॉमिनी म्हणजे सांभाळणारा, मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करते, हक्क वारसांचाच. शेअर्सच्या बाबतीत लोक वेगळं समजायचे, तेही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की नॉमिनी वारसाला डावलू शकत नाही.

बोरिवली_स्लो
मी दुसऱ्या बाजूने लिहिते कारण माझ्या डोक्यात अजून राग आहे. माझी मावशी, शाळेत शिक्षिका, काका तरुणपणीच गेले, मूल नाही. स्वतःच्या पगारातून बोरिवलीला वन रूम किचन घेतलं. शेवटची नऊ वर्षं आम्ही दोघी बहिणींनी केलं तिचं, डायपरपासून सगळं. मृत्युपत्राचा विषय काढला की म्हणायची 'तुमच्याशिवाय आहे कोण मला?' गेल्यावर कळलं कोण आहे ते. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, नवरा नाही, मूल नाही, तर तिने स्वतः कमावलेलंही आधी नवऱ्याच्या वारसांना जातं, तिच्या आईवडिलांचा नंबरसुद्धा त्यांच्यानंतर. काकांचे पुतणे, ज्यांना मी तिच्या बाराव्याला पहिल्यांदा बघितलं, ते चावी मागत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच बायकांना सांगितलं की मृत्युपत्र करून ठेवा, पण मावशीसाठी उशीर झाला.

तर चाळकरी, वकील महाग असेल पण कोणीतरी जाणकार मावशीसमोर बसून दहा मिनिटं बोलला असता तर चाललं असतं. आणि फुकट वकील मिळतो हे कोणी सांगत नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत मदत आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. पुरुषांना साधारणपणे महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा. १५१०० वर फोन करायचा. तुमच्या आईला, आत्याला सांगा.

रोखठोक_परळ
ताई वाईट वाटलं. पण हा मुद्दा 'मृत्युपत्र करा' असा झाला, 'वकिलाकडूनच करा' असा नाही. आमच्या वकिलाची कहाणी ऐका. पैसे घेतले, गुळगुळीत कागदावर १४ पानं छापून दिली, इंग्रजीत, आईला एक अक्षर कळलं नाही, आणि फ्लॅटचा नंबर चुकलेला, बी विंगच्या जागी डी विंग! आधीच्या कोणाच्या तरी मृत्युपत्रात नावं बदलून दिली होती. मी पकडलं म्हणून. मराठीत लिहा, मृत्युपत्र करणाऱ्याला जी भाषा कळते तीच बरी.

मुलुंडची_माई
हे मात्र खरं. ह्यांनी मराठीतच लिहिलं होतं, 'माझ्या देवघरातली चांदीची समई सुनेला' हेसुद्धा.

हिशेबी_माणूस
मला वाटतं मृत्युपत्रापेक्षा गिफ्ट डीड बरं. राहतं घर मुलाला दिलं तर मुद्रांक २०० रुपये, त्यावर वरचे कर काय असतील ते. जिवंतपणीच निकाल.

बिल्डिंग_नं_७_सेक्रेटरी
आणि मग म्हातारा हॉलमध्ये चटईवर. आमच्याच बिल्डिंगमध्ये बघतोय. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत फाडून नवीन करता येतं, गिफ्ट केलं की गेलं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात ते रद्द करून घ्यायची सोय आहे, पण सांभाळण्याच्या अटीवर दिलं असेल तर, आणि ट्रिब्युनलला पोटच्या पोराविरुद्ध उभं राहायची हिंमत असेल तर.

कोर्टाची_पायरी
एक मिनिट. एवढे सगळे बोलले पण मूळ प्रश्न कोणी विचारला नाही, मीही नाही. चाळकरी, गिरगावातली खोली ओनरशिपची आहे का पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमची भाड्याने घेतलेली? दर महिन्याला भाडेपावती येते का?

चाळकरी_डोंबिवली
पागडीची. आजोबांपासून. पावती बाबांच्या नावावर. का?

कोर्टाची_पायरी
मग मृत्युपत्रात खोलीचं अर्धं अर्धं लिहून उपयोग नाही. भाडेहक्क मृत्युपत्राने देताच येत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणारा घरातला माणूस भाडेकरू होतो, सोबत कोणीच नसेल तर मग वारस. तुमच्या बाबांसोबत कोण राहतं?

रोखठोक_परळ
आई शप्पथ.

चाळकरी_डोंबिवली
भाऊ. बायकोमुलांसकट. मी २००४ पासून डोंबिवलीत.
पण बिल्डर आलाय ना, टॉवर होणार, ओनरशिपच मिळणार सगळ्यांना!

कोर्टाची_पायरी
बाबांच्या नावावर ओनरशिपचं ॲग्रीमेंट त्यांच्या हयातीत झालं तर मृत्युपत्र बरोबर चालेल. आधी काही झालं तर पावती भावाच्या नावावर आणि टॉवरमधली जागाही त्याचीच. बिल्डरच्या ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय, नाव कोणाचं घालतायत, तुम्हा भावाभावांत आधीच लेखी काही करून ठेवता येईल का, ते मी टायपिस्ट सांगणार नाही. ते ३० हजारवाल्याला विचारा, घासाघीस करा, वीसवर येईल.

चाळकरी_डोंबिवली
त्या वकिलाने पण पावतीचं विचारलं नव्हतं!!

बोरिवली_स्लो
मग दुसरा वकील बघा.

चाळकरी_डोंबिवली
बघतो. रविवारी गिरगावात जातोय. भावाला हे माहीत असेल का, हाच विचार करतोय मघापासून.