प्रतिसाद: कनवाळूपणा नव्हे, कायदा

'कामगारांच्या कळवळ्यापोटी जनरल अ‍ॅक्सिडेंट ही विमा कंपनी निघाली' हे इथल्या चर्चेतलं म्हणणं काही पटलं नाही. स्कॉटलंडमधल्या पर्थला ही कंपनी निघाली 1885 साली, आणि तिच्या मूळ नावातच 'एम्प्लॉयर्स लायबिलिटी' (मालकाची भरपाईची जबाबदारी) होतं. म्हणजे विमा मालकाच्या खिशाचा! ब्रिटनमध्ये मालकांच्या या जबाबदारीबद्दलच्या 1880 च्या कायद्याआधी मुकादमाच्या चुकीने कामगाराचा हात यंत्रात गेला, तरी 'तो तुझाच सहकारी' म्हणून मालक मोकळा. या कायद्याने ती पळवाट बरीचशी बुजवली. पण सहा आठवड्यांत नोटीस द्यायची आणि भरपाई जास्तीत जास्त तीन वर्षांच्या कमाईएवढी. ही मर्यादाच विमेवाल्यांच्या पथ्यावर पडली. कमाल देणं ठरलेलं असलं की हप्ता काढणं सोपं.

चर्चेत फ्रान्सिस नोरी-मिलर यांचं नाव कसं आलं नाही? 1887 मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, ते पर्थला आले आणि या गावठी कंपनीचा कारभार त्यांनी परदेशापर्यंत नेला. टे नदीकाठच्या जुन्या मुख्यालयात आता नगरपरिषदेची कचेरी आहे. कंपनी पुढे विलीन होत होत 'अविवा' या विमा कंपनीत गेली. हो, आपल्याकडे जाहिरातीत दिसायची तीच.