मे 2025 चा नात्सु बाशो (सुमोची स्पर्धा) तोंडावर असतानाची चर्चा: जखमी रिकिशीचा (सुमो पैलवानाचा) क्रम राखून ठेवावा का?

दोह्योवेडा

11 मेपासून तोक्योत र्योगोकूच्या कोकुगिकान या सुमो स्टेडियममध्ये 2025 चा नात्सु बाशो सुरू होतोय. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आहे, ओनोसातो योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा पैलवान, होणार का? मार्चमध्ये ओसाकाला 12-3 (12 जिंकून, 3 हरून) करून त्याने प्लेऑफमध्ये ताकायासूला हरवलं. आता लागोपाठ दुसरं जेतेपद मारलं तर त्याला कोण अडवणार? उत्सुकता मलाही आहे. पण बान्झुके, म्हणजे क्रमवारीची यादी, जाहीर झाली की मी आधी बघतो ते कोण किती खाली घसरलं. आणि दरवेळी चीड येते.

नव्याने बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वरच्या दोन विभागांत पंधरा दिवसांत पंधरा झुंजी होतात. आठ जिंकल्या की वर, नाहीतर खाली. दुखापतीमुळे न खेळलेला दिवसही हरल्यातच जमा. म्हणजे गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, सहा-आठ महिने विश्रांती, तेवढ्यात बाशो तीन-चार होऊन जातात आणि माणूस थेट तळाला. आधीचा ओझेकी (योकोझुनाच्या लगेच खालचं पद) असानोयामा बघा. जुलै 2024 मध्ये गुडघा गेला आणि तो पार सान्दान्मेपर्यंत, म्हणजे खालून तिसऱ्या विभागापर्यंत, खाली आला.

पूर्वी हे असं नव्हतं. 1972 पासून 'कोशो सेइदो' होती. बाशोत दुखापत झालेल्या रिकिशीला पुढचा बाशो विश्रांती मिळायची आणि त्याचा क्रम जागच्या जागी राहायचा. 2003 संपताना सुमो संघटनेने ती बंद केली. माझं म्हणणं सरळ आहे, ती परत आणा. ज्यांच्यावर आपण जीव टाकतो त्यांना आपण अर्धवट बऱ्या झालेल्या पायांवर झुंजताना बघतोय. चाहते म्हणून आपण यावर बोललं पाहिजे.

तालीमवाला

साफ असहमत. कोशो बंद का झाली हे तुम्ही सांगितलंच नाही. लोक तिचा फायदा उठवायला लागले होते. बाशो वाईट जातोय असं दिसलं की दाखला आणायचा आणि पुढचा बाशो आरामात काढायचा. तिकीट काढून आलेल्या माणसाला अर्धी मंडळी गैरहजर! संघटनेने नियम काढला तो उगाच नाही.

आणि बान्झुकेची सगळी किंमतच तिच्या निष्ठुरपणात आहे. काल काय होतास ते कुणी विचारत नाही, या पंधरा दिवसांत काय केलंस ते सांग. तेरुनोफुजी आठवा. ओझेकी होता, दोन्ही गुडघे गेले, मधुमेह झाला. मार्च 2019 मध्ये जोनिदानमध्ये, म्हणजे खालून दुसऱ्या विभागात, पोरासोरांबरोबर उभा राहिला. जुलै 2020 मध्ये वरच्या विभागात परतला तोच जेतेपद घेऊन, आणि 2021 मध्ये योकोझुना. क्रम गोठवला असता तर हे घडलं असतं?

दोह्योवेडा

@तालीमवाला, तेरुनोफुजी हे नाव या वादात नेहमी येतं, आणि ते माझ्या बाजूचं उदाहरण आहे. ओझेकीपद वाचवायला तो तुटक्या गुडघ्यांवर बाशोमागून बाशो उतरत राहिला, म्हणूनच ते गुडघे एवढे खराब झाले. वेळेवर थांबता आलं असतं तर? शेवटपर्यंत ते दुखणं सुटलं नाही, जानेवारी 2025 मध्ये निवृत्ती घ्यावी लागली. आणि असा परतलेला एक आपल्याला आठवतो. जे परतलेच नाहीत त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? मलाही नाहीत. तेच तर म्हणतोय.

मार्च 2024 चा ताकेरुफुजी घ्या. वरच्या विभागातला पहिलाच बाशो. चौदाव्या दिवशी असानोयामाशी झुंजताना घोटा गेला, व्हीलचेअरवरून बाहेर नेला. पंधराव्या दिवशी घोट्याला पट्ट्या गुंडाळून उतरला, गोनोयामाला हरवलं आणि 13-2 ने चषक घेतला. पदार्पणात जेतेपद 110 वर्षांनी आलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. पुढे काय झालं? मे महिन्याचा अख्खा बाशो बुडाला, ज्युर्योत (वरून दुसऱ्या विभागात) घसरला, वर यायला नोव्हेंबर उजाडला.

शुभदा_न

@दोह्योवेडा, तुमचा मुद्दा मनाला भिडतो, पण तर्कात एक भोक आहे. ताकेरुफुजी क्रम वाचवायला उतरला नव्हता, जेतेपदासाठी उतरला होता. कोशो असती तरी उतरलाच असता.

पुरावा देते. 2001 च्या मे महिन्यात ताकानोहानाचा गुडघा चौदाव्या दिवशी गेला. तेव्हा कोशो चालू होती, शिवाय तो योकोझुना, त्याचा क्रम खाली जाणारच नव्हता. तरी शेवटच्या दिवशी उतरला, प्लेऑफमध्ये मुसाशिमारूला हरवलं आणि पंतप्रधान कोइझुमींनी दोह्योवर (झुंजीच्या रिंगणात) उभं राहून त्याच्या सोसण्याचं कौतुक केलं. त्यानंतर सलग सात बाशो तो घरी. किसेनोसातोचंही तेच. मार्च 2017 मध्ये डावा हात धड उचलता येत नसताना तेरुनोफुजीला एका दिवसात दोनदा हरवलं, आणि पुढचे सलग आठ बाशो त्याला एकही पूर्ण करता आला नाही.

या दोघांना क्रमाची भीती नव्हती. त्यांना ढकललं ते सोसण्याला शौर्य मानणाऱ्या आपल्यासारख्या प्रेक्षकांनी आणि त्यांच्या स्वतःच्या अभिमानाने. नियम बदलून हे थांबणार नाही. थांबवायचं तर दोह्योशेजारी एक डॉक्टर बसवा आणि त्याच्या 'नाही'पुढे ओयाकाताचंही (तालीमप्रमुखाचंही) चालू देऊ नका.

निशीकासाईकर

मी तोक्योत राहतो. र्योगोकूला जमेल तेव्हा सकाळीच जाऊन बसतो, स्टेडियम रिकामं असताना. टीव्हीवर दिसत नाही ते तिथे दिसतं. खालच्या विभागातला एक पोरगा दोह्योच्या कडेवरून खाली पडला. मातीचा उंच ओटा तो, खाली गादी नाही की काही नाही. उठला तेव्हा एक पाय टेकवत नव्हता. तरी परत वर चढला, प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार केला आणि मग एकाच्या खांद्याला धरून लंगडत आत गेला. टाळ्या वाजवायलाही फार कुणी नव्हतं.

म्हणून मला दोघांनाही सांगायचंय की चर्चा वरच्यांपुरती ठेवू नका. योकोझुनाला खाली काढत नाहीत. ओझेकी एक बाशो हरला तर 'कादोबान', दुसरा हरला तरच पद जातं. कोतोझाकुरा जानेवारीत 5-10 करूनही मार्चमध्ये 8-7 वर वाचला, मे महिन्यात ओझेकी म्हणूनच उतरेल. होशोर्यू योकोझुना म्हणून पहिल्याच बाशोत दहाव्या दिवशी बाहेर पडला, त्याच्या जागेला धक्का नाही. ज्याला आधीच सगळं मिळालंय त्याला संरक्षण, आणि ज्युर्योच्या शेवटच्या जागेवरचा घसरला की पगार बंद. महिन्याला अकरा लाख येनवरून थेट शून्य, फक्त बाशोगणिक थोडा भत्ता. स्वतःची खोली जाते, दिमतीला असलेली मुलं जातात. असा माणूस दुखरा पाय घेऊन उतरणार नाही तर काय करेल?

तालीमवाला

निशीकासाईकर, तुम्ही पगाराचं काढलंत ते बरं झालं, आता दुसरी बाजूही ऐका. ज्युर्योत जागा 28. त्यातल्या तीन-चार जखमींसाठी अडवून ठेवल्या तर माकुशिताच्या (ज्युर्योखालच्या विभागाच्या) वरच्या टोकाला 5-2 करून बसलेल्या पोराने कुठे जायचं? तोही बिनपगारी आहे, तोही वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या गाद्या-पिशव्या उचलतोय, आणि त्याने तर झुंजी जिंकल्यात! जखमीवर दया करायची ती त्याच्या जिवावर?

मी स्वतः कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळलाय. गुडघा गेला की पैलवानाचं काय होतं ते मला कुणी शिकवू नये. पण जो मेहनत करून उभा आहे त्याची कुस्ती कापून दुसऱ्याला देत नाहीत.

शुभदा_न

जागांचा मुद्दा रास्त आहे, पण त्यावर उपाय झालेलाही आहे. 2004 मध्ये कोशो काढताना संघटनेने माकुउची (सर्वात वरचा विभाग) 40 वरून 42 आणि ज्युर्यो 26 वरून 28 केली होती. म्हणजे आकडे दगडावर कोरलेले नाहीत. आणि जानेवारी 2021 मध्ये कोविडमुळे बाहेर राहिलेल्यांना क्रमवारीत सांभाळून घेतलंच की.

माझा हट्ट मात्र डॉक्टरचाच. त्याच 2021 च्या मार्चमध्ये सान्दान्मेचा हिबिकिर्यू डोक्यावर पडला, कितीतरी मिनिटं तसाच पालथा पडून होता, आणि महिन्याभराने गेला. 28 वर्षांचा. कोशो असती तरी त्याला काय उपयोग होता?

दोह्योवेडा

शुभदाताई, हिबिकिर्यूबद्दल वाद नाही. दोह्योशेजारी डॉक्टर हवाच, आणि त्याचा शब्द शेवटचा. पण डॉक्टरने 'थांब' म्हटल्यावर पोरगा आपलं दुखणं लपवणार नाही याची खात्री कशी देणार? ज्युर्यो-13 वर, म्हणजे जवळजवळ तळाला, असलेल्याला माहीत आहे, खरं सांगितलं की पगार गेला. वाकाताकाकागे, उरा हे लिगामेंट तुटूनही परतले म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. वाकाताकाकागे तर सेकिवाकेवरून (ओझेकीखालचं पद) माकुशितात गेला होता, मे 2025 च्या बान्झुकेत पुन्हा कोमुसुबी (सेकिवाकेखालचं पद) होता. पण तो त्या काळात बिनपगारी होता, हे विसरू नका.

म्हणून नेमकं मांडतो. दाखला संघटनेच्या डॉक्टरचा, घरच्या नाही. सवलत फक्त बाशोतच झालेल्या आणि शस्त्रक्रिया लागणाऱ्या दुखापतीला. क्रम घसरू दे, पण दोन बाशो पगार चालू ठेवा. माकुशिताच्या पोराची जागा जात नाही, बान्झुकेही खोटी होत नाही.

तालीमवाला

क्रम घसरू देणार असाल तर ती कोशो राहिलीच नाही, तो विमा झाला. त्याला माझा विरोध नाही. पैसे द्या, ऑपरेशन करा, बरं होईपर्यंत सांभाळा. पण परत यायचं ते खालूनच, झुंजी जिंकत. 'कोशो परत आणा' या वाक्याला माझा नकार कायम.

निशीकासाईकर

मग विमाच म्हणा, पण ज्युर्योपुरता नको. माकुशितापासून खाली पगारच नाही, तिथे 'पगार चालू ठेवा' म्हणून काय मिळणार? लंगडत आत गेलेला तो पोरगा दोह्योवेडांच्या योजनेत कुठेच बसत नाही. साधारण सहाशे रिकिशींपैकी पगारी फक्त सत्तर आहेत. उरलेल्यांसाठी काय ते आधी लिहा, मग मी सही करतो.