सकाळी दिलेला शब्द उमेदवाराने संध्याकाळी फिरवला, तर दारात उभ्या कार्यकर्त्याने काय बोलायचं?

अर्धविराम

गेल्या निवडणुकीत मी पहिल्यांदाच घरोघरी प्रचाराला गेले. हौसेने, एक पैसा न घेता. उमेदवार मनापासून पटला होता, कारण त्याने एक लोकांना न आवडणारा मुद्दा पत्रकात छापायची हिंमत केली होती: रस्त्यावर गाडी लावायला शुल्क आणि त्या पैशांतून पदपथ. लोक दारातच भडकायचे. मग मी हिशेब मांडायचे, रस्ता सगळ्यांचा, गाडी एकाची, वगैरे. आठ दिवसांत तो हिशेब मला तोंडपाठ झाला. एका बाईंपाशी वीस मिनिटं गेली, पण शेवटी त्या "बरं, बघू" म्हणाल्या. प्रचाराला गेलेल्यांना विचारा, "बरं, बघू" ही केवढी कमाई असते!

नवव्या दिवशी संध्याकाळी सभेत हा गृहस्थ म्हणाला, शुल्काचा विचार कधी नव्हताच, विरोधकांनी उठवलेली आवई आहे. माझ्या पिशवीत तेव्हा साठेक पत्रकं उरली होती. तिसऱ्या परिच्छेदात तेच शुल्क, ठळक अक्षरांत.

माघार घेतली म्हणून मी चिडले नाही. लोकांचं ऐकून मत बदललं तर बदलू दे की! "आवई" हा शब्द झोंबला, कारण मग आठ दिवस ती आवई मीच उठवत फिरत होते. ऐन प्रचारात असं घूमजाव करून कुणी निभावलंय का? आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारांवर जाऊन माझ्यासारखीने काय बोलायचं असतं?

खडूफळा

ताई, तुमची गोष्ट वाचताना मला ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे आठवल्या.

१८ मे २०१७ ला हॅलिफॅक्समध्ये त्यांनी आपल्या हुजूर पक्षाचा निवडणूक जाहीरनामा मांडला. त्यात म्हातारपणीच्या शुश्रूषेचं एक कलम होतं. तोवर शुश्रूषेचा खर्च कुणी उचलायचा हे ठरवताना संस्थेत राहायला गेलेल्यांच्याच घराची किंमत मालमत्तेत धरली जायची, आता स्वतःच्या घरी राहून मदत घेणाऱ्यांचीही धरायची होती. पैसे माणूस गेल्यानंतर घर विकून वसूल होणार, मात्र १ लाख पौंडांपर्यंतच्या मालमत्तेला हात लागणार नाही. माणसाने भरायच्या खर्चाला कमाल मर्यादा नव्हती. आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी त्याच दिवशी रेडिओवर आधी ठरलेली ही मर्यादा आपण सोडतोय असं स्पष्ट सांगितलं होतं. विरोधकांनी या प्रकाराला 'डिमेन्शिया टॅक्स', म्हणजे स्मृतिभ्रंशाचा कर, म्हटलं आणि ते नाव चिकटलं. ज्याला हा आजार होईल त्याचं घर जाणार, ही भीती दोन शब्दांत मावली. तुमच्यासारखे दारोदार फिरणारे त्यांचेही होतेच, आणि दार उघडणारे बरेचसे त्यांच्याच पक्षाचे, स्वतःचं घर असलेले वयस्क मतदार.

चार दिवसांत, २२ मे ला, रेक्सममध्ये मे म्हणाल्या की खर्चाला मर्यादा असेल. किती, ते सांगितलं नाही. पत्रकारांनी विचारलं, हे घूमजाव नाही का? तर उत्तर, "नथिंग हॅज चेंज्ड." काहीच बदललेलं नाही! तेही चढ्या आवाजात, हात हलवत. प्रचाराची घोषणा काय होती, तर 'स्ट्राँग अँड स्टेबल', खंबीर आणि स्थिर. शिवाय मुदतपूर्व निवडणूक घेणार नाही असं वारंवार सांगून झाल्यावर तीच निवडणूक त्यांनी जाहीर केलेली. त्याच रात्री मँचेस्टरला बॉम्बस्फोट झाला, प्रचार थांबला, पण ते वाक्य कुणी विसरलं नाही. ८ जूनला ३३० जागांवरून पक्ष ३१७ वर आला आणि बहुमत गेलं.

मर्यादा आणणं हा चांगलाच बदल होता, हे मी आजही म्हणेन. "चुकलं, दुरुस्त करतोय" एवढं म्हणाल्या असत्या तर दोन दिवस टिंगल होऊन विषय संपला असता, असा माझा अंदाज आहे.

तिसरीघंटा

"कबूल केलं की सुटतो" हे मला पूर्ण पटत नाही. मे यांच्या पक्षाची मतं त्या निवडणुकीत वाढली होती! ३६.९ टक्क्यांवरून ४२.४. जागा गेल्या त्या विरोधी मजूर पक्ष ४० टक्क्यांवर पोचला म्हणून. एका वाक्यामुळे निवडणूक हरली ही गोष्ट ऐकायला छान वाटते, एवढंच.

आणि निभावणारे निभावतात. ३० मार्च २०१६ ला ट्रम्प एका मुलाखतीत म्हणाले की गर्भपातावर बंदी आली तर बाईला काहीतरी शिक्षा हवी. दिवस मावळायच्या आत पत्रक निघालं, शिक्षा बाईला नाही, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला. कबुली नाही, दिलगिरी नाही. उमेदवारी मिळाली, निवडणूकही जिंकले. ज्यांचं बोलणं लोकांनी आधीच तोलून-मापून घेणं सोडलेलं असतं, त्यांना घूमजाव स्वस्त पडतं. ठामपणा विकायला बसलेल्याला महाग पडतं.

उलटी तऱ्हाही आहे. फ्रान्सच्या अध्यक्षपदाचे उमेदवार फियों जानेवारी २०१७ मध्ये म्हणाले, माझ्यावर रीतसर आरोप ठेवून चौकशी सुरू झाली तर उभा राहणार नाही. ती वेळ आली तेव्हा १ मार्चला जाहीर केलं, हटणार नाही. पहिल्या फेरीत तिसरे आले. दबाव हटण्यासाठी होता आणि माणूस स्वतःच्या शब्दावरून हटला!

खडूफळा

टक्क्यांचं मान्य, मीच ते सोडून दिलं. पण मग बायडन घ्या. गर्भपातासाठी केंद्राचा पैसा वापरायला बंदी घालणाऱ्या हाइड दुरुस्तीला त्यांचा अनेक दशकं पाठिंबा होता. ५ जून २०१९ ला त्यांच्या प्रचारयंत्रणेने तो कायम असल्याचं सांगितलं. पक्षातून गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी अटलांटात बायडन यांनी पाठिंबा काढून घेतला. मात्र परिस्थिती बदलली म्हणून मत बदललं हे उघड सांगितलं, जुन्या भूमिकेबद्दल माफी मागत नाही असंही बजावलं. टीका झाली, पण "कधी नव्हतंच" हे नाटक नव्हतं.

जुना_कार्यकर्ता

बावीस वर्षं पत्रकं वाटली आहेत, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पहिल्याचं तुमचं चालू द्या.

घूमजाव मतदानाआधी झालं याचे आभार माना. मत अजून लोकांच्या हातात असतं. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी २०१० मध्ये विद्यापीठाची फी वाढू देणार नाही अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, फोटो काढले, आणि सत्तेत वाटा मिळाल्यावर त्याच वर्षी फी ९ हजार पौंडांपर्यंत वाढवायला त्यांचे नेते निक क्लेग यांनी साथ दिली. पाच वर्षांनी ५७ जागांच्या ८ झाल्या. तिथे कार्यकर्ता काय बोलणार?

तुमच्या बाबतीत, उमेदवाराची सारवासारव तुम्ही करायची नाही. दारात सांगायचं: पत्रकात होतं, मी तसंच सांगितलं होतं, आता ते म्हणतात करणार नाही. "आवई" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यांचं एक मत जाईल. गल्लीत तुमची ओळख मात्र पुढच्या निवडणुकीतही लागणार असते.

आणि उरलेली पत्रकं परत करायची नाहीत. पुरावा असतो तो.

अर्धविराम

पत्रकं आहेत अजून, कपाटात.

खरं सांगायचं तर दहाव्या दिवशी मी गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. "बरं, बघू" म्हणणाऱ्या बाई नंतर महिन्याने बसथांब्यावर भेटल्या. मी नजर चुकवत होते, त्याच जवळ आल्या. म्हणाल्या, "तुमचं ते गाडीचं पटलं होतं हो मला. मग ते काढून का टाकलंत?"

'टाकलंत' म्हणाल्या. तेवढ्यात माझी बस आली.