ऑफस्पिन टाकणाऱ्या पोराने बॅटिंग सोडावी का? तनुष कोटियनचं बघून विचारतोय

डोंबिवलीचा_मामा
मंडळी, भाच्यासाठी विचारतोय. पंधरा वर्षांचा आहे, ऑफस्पिन टाकतो, आठ-नऊ नंबरला बॅटिंगला जातो. शाळा सुटली की किटबॅग घेऊन लगेजच्या डब्यातून सीएसएमटी आणि तिथून चालत आझाद मैदान, तीन वर्षं हेच चाललंय. आता कोच म्हणतात बॅटिंगचा नाद सोड, दोन डगरींवर पाय ठेवलास तर कुठलाच राहणार नाहीस. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही हो.

मी एकदा नेट्स बघायला गेलो होतो. टॉप ऑर्डरची पोरं पंधरा-पंधरा मिनिटं खेळली, तोवर हा बॉल टाकतोय, आणि बॉलर्सचा नंबर आला तेव्हा उजेड गेलेला, त्यात दहा बॉल मिळाले ते पण दमलेल्या पोरांनी टाकलेले. मग बॅटिंग येणार कुठून? इकडे मुंबईच्या ऑफस्पिनर तनुष कोटियनने रणजीच्या 2023-24 सीझनला 502 रन्स आणि 29 विकेट्स काढून प्लेयर ऑफ द टूर्नामेंट घेतलं, ते पण खाली बॅटिंगला येऊन. जाणकारांनी सांगा, कोचचं ऐकायचं की नाही?

दादर_वेस्ट
अजिबात सोडू देऊ नका!! त्याच रणजी सीझनची बडोद्याविरुद्धची क्वार्टर फायनल आठवा, बीकेसीच्या ग्राउंडवरची, फेब्रुवारी 2024. 337 ला 9 गेल्या होत्या आणि मी ऑफिसात मोबाईलवर नुसता स्कोअर बघत होतो, म्हटलं आता पाच मिनिटांत ऑलआऊट, जेवायला जाऊन आलो तरी दोघं आपले खेळतायत. कोटियन नाबाद 120, तुषार देशपांडे 123, शेवटच्या विकेटला 232! रणजीतला शेवटच्या विकेटचा रेकॉर्ड 233 चा, एका रनने हुकला, मला अजून चुटपुट लागते. दहा आणि अकरा नंबरच्या दोघांनी एकाच इनिंगमध्ये सेंच्युरी मारणं याआधी फक्त 1946 साली झालेलं, चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी, तेही इंग्लंडात सरेविरुद्ध.

आणि सेमीला तामिळनाडूविरुद्ध आपण 106 ला 7 होतो. शार्दुल ठाकूरचे 109 सगळ्यांना आठवतात, पण कोटियनचे नाबाद 89 होते म्हणून 378 पर्यंत गेलो.

मैदानावरचा_काका
दादरवाले, सगळं खरं, पण अर्धंच सांगितलंत. कोटियन टीममध्ये येतो तो ऑफस्पिनवर. त्याच सीझनच्या फायनलला विदर्भ पहिल्या डावात 105 ला उडाला त्यात याचे 7 रन्समध्ये 3 होते, दुसऱ्या डावात परत 4. त्या 29 विकेट्स नसत्या तर तळाला येऊन सेंच्युरी मारायला तो मैदानात असताच कुठे? तेव्हा मामा, कोच पूर्ण चुकीचे नाहीत. पंधराव्या वर्षी पोराकडे एक गोष्ट अशी पाहिजे की सिलेक्टरने डोळे झाकून नाव लिहावं.

पण बॅटिंग सोड म्हणणं मला पटत नाही. आपल्या मुंबईत खालचे बॅट्समन उगाच विकेट देऊन येत नाहीत, खडूसपणा म्हणतात तो हाच. मी पंचवीस वर्षं कांगा लीग खेळलो, म्हणजे मुंबईतली पावसाळ्यातली क्लबांची स्पर्धा. पावसाळ्यात विकेट ओली, बॉल कधी उडतो कधी बसतो, आऊटफिल्डला गवत एवढं की जमिनीवरून मारलेला बॉल तिथेच अडकतो. आमच्या क्लबच्या बऱ्याच मॅचेस आठ-नऊ नंबरवाल्यांच्या पंधरा-वीस रन्सवर सुटल्या. भाच्याला क्लबमधून कांगा लीग खेळायला मिळते का ते बघा. आणि नेट्समध्ये नंबर लागत नसेल तर प्रॅक्टिसच्या अर्धा तास आधी पोचायला सांगा, एखादा मित्र धरून थ्रोडाऊन घ्यायचे, म्हणजे त्याने जवळून हाताने बॉल फेकायचे, रोजचे पन्नास, त्यातले निम्मे नुसते डिफेन्सला. त्याला कोचची परवानगी लागत नाही.

घाटकोपर_गल्ली
काकांना +1. अजून एक, घाई करू नका. कोटियनने मुंबईकडून रणजी पदार्पण केलं 2018-19 ला, म्हणजे लोकांच्या तोंडी नाव यायला पाच वर्षं गेली. पुढे ऑक्टोबर 2024 ला इराणी कप, म्हणजे रणजी विजेते विरुद्ध रेस्ट ऑफ इंडिया, लखनौला, पहिल्या डावात 64 आणि दुसऱ्या डावात 171 ला 8 असताना नाबाद 114, मोहित अवस्थी साथीला, तिथेच मॅच वाचली आणि मुंबईने 27 वर्षांनी इराणी जिंकली. त्याच डिसेंबरला अश्विन रिटायर झाल्यावर इंडियाने याला ऑस्ट्रेलियाला बोलावून घेतलं.

डोंबिवलीचा_मामा
खूप आभार सगळ्यांचे, विशेषतः काका तुमचे. कोचशी मी भांडणार होतो, ते आता करत नाही. काल रात्री भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं, 337 ला 9 ऐकल्यावर उठून बसला आणि विचारतो, मामा, तेव्हा तो पहिला बॉल कसा खेळला असेल? आज तीन वाजताची लोकल पकडून गेलाय, शेजारचा पोरगा सोबत आहे थ्रोडाऊनला. काका, पन्नासची वही घालायला सांगितली आहे, महिन्याने इथेच कळवतो.