माग विकले, देणी राहिली. मान राखून फेडायची कशी?

बंद_माग: इचलकरंजीत आमचे साधे यंत्रमाग होते, वडिलांपासूनचे. एका कापड व्यापाऱ्याकडं पेमेंट अडकलं आणि सगळंच बसलं, माग भंगाराच्या भावात गेले. आता सुतवाल्याचं, सायझिंगचं (सुताला खळ लावून देणाऱ्यांचं), पतसंस्थेचं, पाहुण्यांचे हातउसने आणि कामगारांची शेवटची मजुरी एवढं देणं आहे. मी दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करायला, लागलोय. एक पैसा बुडवायचा नाही, पण सुताच्या पेढीसमोरून जाताना मान वर होत नाही. भाऊ म्हणतो नंबर बदल, पुण्याला जा. महिन्याला थोडेच सुटतात, आधी कुणाचे देऊ आणि बाकीच्यांना तोंड कसं दाखवू?

सूतवाला: दादा मी घेणेकऱ्याच्या बाजूनं सांगतो. धंदा बसला म्हणून मार्केटमध्ये नाव जात नाही, फोन बंद लागायला लागला की जातं. गर्दी नसताना पेढीवर स्वतः जा, दिवाणजीला खातेउतारा काढायला लावा, बाकी जुळवा आणि खरंच झेपेल तेवढाच हप्ता बोला, पाच हजार बोलून तिसऱ्या महिन्याला गायब होणाऱ्यापेक्षा दीड हजार न चुकता आणून देणारा आम्हाला चालतो. व्याज सोडा म्हणायला लाजू नका, मुद्दल येतंय दिसलं की बरेचजण सोडतात.

कोर्टकचेरी: आधी कामगार, त्यांची चूल त्यावर आहे. दुसरं, भावनेच्या भरात कुणाला पुढच्या तारखेचे चेक देऊ नका. चेक परत गेला की समोरचा 30 दिवसांत नोटीस काढतो, ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले नाहीत तर 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची केस, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. खात्यावर टाका, रोख दिली तर पावती घ्या. बाकी लिहून सही करून दिली की दावा लावायची मुदत तिथून परत 3 वर्षं धरतात, त्यामुळं आकडा तपासूनच सही. पतसंस्थेत एकरकमी परतफेडीचं विचारा, आणि नोटीस जायच्या आधी जामीनदाराला तुमच्या तोंडून कळू दे. हे फेडायला बिनलायसनच्या सावकाराकडं तर अजिबात जाऊ नका.

कोल्हापूरची_ताई: आमच्या ह्यांचं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा सगळ्यात जास्त त्रास झाला तो लग्नाकार्याला जाणं सोडलं त्याचा. आहेर नाही केला तरी चालतंय ओ, पण तोंड चुकवलं की लोक मनानंच गोष्टी रचतात. ज्यांचे पैसे देणं आहे त्यांच्या घरी तर आवर्जून जावा. आणि घरात बायकोला खरा आकडा सांगा, तिला बाहेरून कळलं तर फार लागतं.

बंद_माग: जामीनदार माझे चुलतेच आहेत, त्यांना अजून काहीच माहीत नाही. उद्या पाळी सुटली की आधी त्यांच्याकडं जातो, मग पेढीवर. एक कामगार बिहारला गावी गेलाय, त्याची मजुरी कशी पोचवू?

कोर्टकचेरी: त्याचा यूपीआय नंबर घ्या आणि ह्याच पगारातून टाका, हप्ते पाडू नका त्याचे.